पालथ्या हाताचा माणूस

बंदरावर त्याला टेस्टर म्हणतात. खरं नाव बंदराच्या हजेरीवहीत असेल, बायकोला ठाऊक असेल; बाकी कुणाला त्याची कधी गरज पडलेली नाही. वीज आहे की नाही हे सांगणारा पिवळ्या मुठीचा छोटा पेचकस, म्हणजे टेस्टर, त्याच्या शर्टाच्या खिशाला पेनासारखा लावलेला असतो. झोपतानाही तो काढत नाही अशी अफवा आहे. ‘अफवा कसली,’ बायको म्हणते, ‘मला दोनदा टोचलाय.’

वय साठीच्या अलीकडचं. अंगाने वाळकुडा, खांदे पुढे झुकलेले. बोटींच्या बुटक्या कोनाड्यांत आयुष्यभर वाकून काम केलं की उघड्यावर उभं राहिलं तरी डोक्यावर छत आहे असंच वाटत राहतं. चेहऱ्यावर कायम एक भाव: कुठेतरी काहीतरी सैल झालंय आणि ते अजून सापडलेलं नाही.

कुठल्याही वस्तूला तो आधी पालथा हात लावतो. विजेचा झटका बसला की मूठ मिटते. तळहाताने धरलेली वायर मिटल्या मुठीत अडकून राहते आणि माणूस जातो. पालथा हात लावला तर तोच झटका हात मागे फेकून देतो. हे त्याला उस्तादाने शिकवलं. उस्तादाचं विजेच्या जळालेल्या मोटारींत नवी तार भरायचं दुकान होतं, आणि त्या दुकानात बारा वर्षं काढल्यावर टेस्टर बंदरात आला. पण सवय कामापुरती राहिली नाही. दार तो पालथ्या हाताने ढकलतो. घरात कुणाला ताप आला तर कपाळाला पालथा हात. पावाला, पुस्तकाला, मांजराला पालथा हात.

‘लग्नात माझा हात धरायचा होता,’ बायको अजून सांगते, ‘तर ह्यांनी आधी पालथा हात लावून बघितला. मी हळूच म्हटलं, अहो, चालू आहे, धरा.’

उस्तादाचा दुसरा नियम चहाचा. काम पुरं होईपर्यंत गिऱ्हाइकाकडचा चहा प्यायचा नाही. चहा पोटात गेला की जीभ मऊ होते, आणि मग ‘चूक तुमचीच आहे’ हे तोंडावर सांगता येत नाही. टेस्टरने हा नियम उस्तादापेक्षाही कडक केला. त्याच्या मते काम कधी पुरं होतच नाही. आज जो जोड घट्ट आहे तो उद्या सैल होणार, म्हणून काम झाल्यावरही तो चहा नाकारायचा. बंदरातल्या बायका त्याला शिष्ट समजत. तो शिष्ट नव्हता. त्याला फक्त जगावर विश्वास नव्हता, आणि त्या अविश्वासावर शेकडो बोटींचे दिवे बिनघोर लागत होते.

त्या थंडीत मात्र एका बोटीने त्याला पुरतं पाणी पाजलं.

ती बोट नकाशेमास्तरांची. मास्तर भूगोल शिकवायचे. छत्तीस वर्षं मुलांना समुद्र फळ्यावर काढून दाखवला, आता तो पायाखाली हवा, असं म्हणून निवृत्तीनंतर त्यांनी शिडाची जुनी यॉट घेतली आणि बायकोसह तिच्यावर राहायला गेले. ती बोट फारशी कुठे जात नाही. वर्षातून दोनदा समोरच्या बेटाला वळसा घालून येते, एरवी लाकडी धक्क्याच्या अगदी शेवटच्या टोकाला बांधलेली. आत चारही भिंतींवर नकाशे, म्हणून बंदरात त्या बोटीला शाळा म्हणतात. ‘कुठे होतास रे?’ ‘शाळेत.’ साठीची माणसं हे उत्तर देतात आणि कुणी हसत नाही.

मास्तरांचा श्वास झोपेत अडतो. ते नाकावर मुखवटा लावून झोपतात आणि उशाजवळचं मशीन रात्रभर हवा ढकलतं. डॉक्टरांनी बजावलेलं: मशीनशिवाय एकही रात्र नको, आणि छातीला गारठा नको. म्हणून थंडीत रात्रभर हिटर.

बोटीवरची वीज तशी सोपी गोष्ट आहे. समुद्रात असताना बोट आपल्या बॅटऱ्यांवर जगते. धक्क्याला लागली की जाड केबलने तिला धक्क्यावरच्या विजेच्या खांबाशी जोडतात. मध्ये असते इन्व्हर्टरची पेटी. किनाऱ्यावरून येणारी वीज नीट असेल तर ती आत सोडायची आणि जोडीला बॅटऱ्या भरत राहायच्या. व्होल्टेज फार घसरलं तर किनाऱ्याला दार लावून घ्यायचं आणि बॅटऱ्यांतली वीज घराला द्यायची, एवढंच तिचं काम. हे दार लावताना, उघडताना पेटीच्या पोटात ‘टक’ असा आवाज होतो. चांगल्या बोटीवर तो महिन्यातून एखाद्या वेळी ऐकू येतो. शाळेत तो रात्रभर यायला लागला.

टक. किनारा बंद, हिटर आणि मशीन बॅटरीवर. पाच मिनिटांनी टक, किनारा चालू. तीन मिनिटांनी पुन्हा टक. बॅटऱ्या भरायच्या कमी आणि रिकाम्या व्हायच्या जास्त. पहाटेपर्यंत त्यांत काही उरायचं नाही, आणि मग पुढचा टक झाला की मशीन बंद. असं तीनदा झालं. तिन्ही वेळा मास्तरांची बायको जागी होती. ती आता झोपतच नव्हती. नवऱ्याचा श्वास मोजत बसायची.

त्यांची लेक दातांची डॉक्टर. गावाच्या वरच्या भागात तिचं घर, तिसऱ्या मजल्यावर, एक खोली रिकामी. तिने आईला फोनवर सांगितलं, ‘रविवारी मी रिकामी खोकी घेऊन येतेय. तोपर्यंत दुरुस्त झालं तर ठीक. नाहीतर बाबांचे नकाशे खोक्यांत आणि तुम्ही दोघं माझ्याकडे. बोट विकून टाकू.’

लेकीचं चुकत नव्हतं. तिच्या जागी कुणीही हेच म्हटलं असतं. मास्तर भांडले नाहीत. ‘तिच्या खिडकीतून समुद्र दिसतो,’ एवढंच म्हणाले. नंतर थोड्या वेळाने म्हणाले, ‘दिसतो.’

म्हणून मंगळवारी टेस्टरला बोलावणं गेलं.

पेटी पलंगाखालच्या कोनाड्यात. टेस्टर कमरेपर्यंत आत शिरला, बाहेर फक्त पाय. सोबत उस्तादाने दिलेलं काट्याचं मीटर. आकड्यांची नवी मीटरं त्याला आवडत नाहीत. आकडा उडी मारतो, काटा चालत येतो, आणि चालत येणाऱ्याचा चेहरा बघता येतो, असं त्याचं म्हणणं.

‘वहिनी, हिटर लावा बघू. रात्री लावता तसा.’

‘लावला हो, भाऊजी.’

‘नक्की?’

‘लाल झालाय की!’

काटा दोनशे पंचवीसवर शांत. टेस्टरने खांब तपासला, तिथेही तेच. खांबापासून बोटीपर्यंत कुठे खोट दिसेना.

‘सर, वीज तर गुणी मुलासारखी बसलीय.’

‘तपासनीस आले की माझा वर्गही असाच बसायचा,’ मास्तर म्हणाले.

‘चहा टाकू?’ वहिनींनी विचारलं.

‘नको वहिनी.’

हे दोन शब्द सहा वर्षांपासूनचे. मास्तरांनी बोट धक्क्याच्या टोकाला आणली तेव्हापासून वहिनी विचारत होत्या आणि टेस्टर नको म्हणत होता.

मास्तरांनी एक वही त्याच्या पुढे धरली. मास्तरकीच्या सवयीने त्यांनी रात्रीच्या प्रत्येक टकची वेळ लिहिली होती, आणि शेजारी भरती-ओहोटीसारखी रेघ काढली होती. रात्री दहापासून रेघ चढत जायची. टेस्टरने ती बराच वेळ पाहिली. आपण नसताना आपल्याबद्दल काहीतरी बोललं जातंय आणि आपण आलो की सगळे गप्प होतायत, असं त्याला वाटलं.

बुधवारी त्याने पेटीच बदलली. दुसऱ्या एका बोटीवरची मागून आणून लावली. रात्री टक. गुरुवारी खांबावरचं सॉकेट बदललं. टक. शुक्रवारी बंदराच्या ऑफिसातल्या इंजिनिअरला धरून आणलं. त्याने खांबाला रात्रभराची नोंद ठेवणारं यंत्र लावलेलं होतंच. ते उघडून दाखवलं. खांबावर रात्रभर व्होल्टेज ठणठणीत.

‘काका, आमच्याकडे काही नाही. तुमचं मीटर म्हातारं झालं असेल.’

‘माझ्याहून म्हातारं आहे,’ टेस्टर म्हणाला, ‘पण त्याला अजून चष्मा लागलेला नाही.’

शेजारच्या बोटीचा कप्तान रेलिंगला टेकून हे सगळं ऐकत होता. त्याने सल्ला दिला. ‘एवढं काय डोकं फोडता? पेटीला सांगून टाका, व्होल्टेज कितीही पडलं तरी दार लावू नकोस. कटकटच मिटली.’

‘धुराची घंटा वाजते म्हणून घंटेत बोळा कोंबायचा?’

‘झोप तरी लागेल.’

‘लागेल. कायमची.’

कप्तान हसला, टेस्टर हसला नाही. पेटी खोटं बोलत नव्हती, हे त्याला ठाऊक होतं. पेटीच्या दाराशी कुणीतरी अशक्त येत होतं आणि ती त्याला आत घेत नव्हती. पण खांबावरून निघतानाचा गडी तर धडधाकट होता. मग वाटेत त्याला काय होत होतं? वाट ती केवढी. पंधरा पावलं.

टेस्टरचं घर शिडं शिवणाऱ्या दुकानाच्या वर. दोन खोल्या. पुढच्या खोलीत बायकोचं शिलाई मशीन आणि बोटींच्या गाद्यांच्या खोळींचा ढीग. खिडकीतून डोलकाठ्यांची गर्दी दिसते, वारा असला की दोऱ्या काठ्यांवर आपटून वाजत राहतात. शुक्रवारी तो जेवायला बसला आणि जेवला नाही.

‘सापडलं नाही?’ बायकोने विचारलं.

‘नाही.’

‘चहा घेतलात का तिथे?’

‘चहाचा काय संबंध?’

‘काही नाही. काल ती बाई मला दुकानात भेटली. म्हणाली, भाऊजींना माझ्या हातचा चालत नाही वाटतं. सहा वर्षं विचारतेय.’

‘नियम आहे.’

‘तुमचा उस्ताद गेला वर. तिथे तो दूधसाखर घालून पीत असेल.’

‘उद्या सापडलं नाही तर परवा ती दोघं बोट सोडणार.’

बायकोने मशीनवरचा पाय उचलला. ‘मग खा तरी. उपाशी माणसाला स्वतःचं नाक सापडत नाही.’

तो दोन घास जेवला. मग हात धुताना म्हणाला, ‘मला सगळं सापडतं ग. म्हणूनच वाईट वाटतंय.’

शनिवारी पहाटे मास्तरांचं मशीन चौथ्यांदा बंद पडलं.

दुपारी टेस्टर पुन्हा पलंगाखाली होता. मीटरच्या दोन्ही तारा त्याने पेटीच्या तोंडाशी, जिथे किनाऱ्याची वीज आत येते तिथे लावून ठेवल्या होत्या. काटा दोनशे अठरावर. रिकाम्या बॅटऱ्या भुकेल्यासारख्या वीज ओढत होत्या, म्हणून थोडा खाली. पण बॅटरी भरतानाचं तेवढं चालायचंच. त्याने प्रत्येक स्क्रू पुन्हा आवळला. प्रत्येक तार ओढून पाहिली. मग तो उलटा सरकत बाहेर आला आणि जिन्याच्या पायरीवर बसला. गुडघ्यांवर कोळ्याची जाळी होती, ती त्याने झटकली नाही.

‘सर,’ तो म्हणाला, ‘मी हात टेकले.’

पाणी बोटीच्या अंगाला हलकेच थोपटत होतं. मास्तर उठले, आफ्रिकेच्या नकाशाजवळ गेले आणि खालच्या कोपऱ्याची टाचणी काढली. मग दुसऱ्या कोपऱ्याची. टाचण्या ते ओठांत धरत होते, शिंपी धरतो तशा. नकाशा खालून गुंडाळत वर आला. भिंतीवर त्याच्या जागी फिकट चौकोन उरला.

‘तुम्ही केलंत तेवढं कुणी केलं नसतं,’ ते टाचण्यांमधून म्हणाले.

वहिनी ओट्याशी पाठमोऱ्या उभ्या. पाठच बोलत होती.

टेस्टरने पिशवी आवळली. निघायला हवं होतं. पण ज्या घरातून दोन माणसं उद्या उठणार तिथून आपण पाच मिनिटं आधी उठून काय मिळवणार, असं काहीसं त्याच्या मनात आलं असावं. तो बसून राहिला. आणि मग त्याने आयुष्यात कधी म्हटलं नव्हतं ते म्हटलं.

‘वहिनी, चहा टाका.’

वहिनी वळल्या. ‘भाऊजी, बरं वाटत नाहीये का?’

‘काम सोडलं. आता मी वायरमन नाही, पाहुणा आहे. पाहुण्याला चालतो चहा.’

त्या माउलीचे डोळे भरले होते तरी ती हसली. विजेची मोठी किटली तिने काठोकाठ भरली. सहा वर्षांचा चहा एकदम करायचा असल्यासारखी. खटका दाबला.

मीटर पलंगाच्या कडेवर तसंच पडलं होतं, तारा कोनाड्यात गेलेल्या. टेस्टरची नजर सवयीने तिकडे गेली. काटा चालायला लागला. दोनशे अठरावरून दोनशे. किटली गुणगुणायला लागली. एकशे शहाण्णव. एकशे ब्याण्णव.

टक.

मग रिकाम्या बॅटरीची शिट्टी वाजायला लागली.

‘अग बाई! काय केलं मी?’ वहिनींनी किटलीकडे हात नेला.

‘राहू दे! हात लावू नका! राहू दे चालू!’

‘अहो, पण शिट्टी वाजतेय—’

‘वाजू दे! पाच दिवस मी त्या पेटीच्याच तोंडाकडे बघत होतो!’

तो पायरी चढून वर गेला, बोटीवरून धक्क्यावर उडी मारली. साठीला आलेल्या माणसाने मारू नये अशी. बोटीतून निघालेली काळी केबल धक्क्याच्या कडेने खांबाकडे जात होती. टेस्टर गुडघ्यांवर बसला, आणि तिच्यावरून पालथा हात फिरवत पुढे सरकत गेला. गार. गार. थंडीतल्या सापासारखी गार. मध्ये एका जागी केबल फळीखाली जाते आणि चार हातांवर पुन्हा वर येते. त्याने ती फळी उचलली, आत हात घातला.

हात मागे आला. झटक्याने नव्हे, उबेने. तिथे केबलला एक फुगवटा होता आणि तो तापलेला होता, आजारी मुलाच्या कपाळासारखा.

फुगवट्यावर काळी रबरी टेप होती. टेप उलट्या बाजूने, खालून वर गुंडाळलेली. बंदरात अशी टेप एकच माणूस गुंडाळतो. उस्ताद डावखुरा होता, त्याचं पाहून शिकलेला.

सहा वर्षांपूर्वी बोट या टोकाला आली तेव्हा केबल अपुरी पडली होती. टेस्टरने एक तुकडा वाढवला होता. मध्ये जोड दिला, टेप लपेटली, आणि कुणाचा पाय अडकू नये म्हणून जोड फळीखाली दडवला. त्या दिवशी त्याला आपला जोड इतका सुबक वाटला होता की फळी घालण्याआधी त्याने मास्तरांना बोलावून तो दाखवला होता. सहा वर्षं लाटांचं खारं पाणी खालून उडत राहिलं. पाच दिवस तो स्वतः त्या फळीवरून येत-जात होता. सगळ्यांचं तपासलं, पेटीचं, खांबाचं, ऑफिसचं. आपलं तपासायचं त्याच्या मनातही आलं नाही. जगावर ज्याचा विश्वास नव्हता त्याचा फक्त एका गोष्टीवर होता, आणि ती फळीखाली कुजत होती.

धक्क्यावर कुणी नव्हतं. कप्तानसुद्धा आत गेला होता. ‘केबल खराब झाली, बदलली,’ एवढं म्हटलं असतं तर कुणी पुढे विचारलं नसतं.

त्याने खांबावरचा खटका पाडला, जोड दोन्ही बाजूंनी कापला आणि आत जाऊन मास्तरांच्या टेबलावर ठेवला. टेप सोलली. आत प्लास्टिक तपकिरी होऊन वितळलं होतं, तांब्यावर हिरवी बुरशी, एक स्क्रू बोटाने फिरत होता.

‘हा माझा,’ तो म्हणाला.

‘म्हणजे?’

‘मी दिलेला जोड. वीज थोडी गेली तर निभावतो, जास्त मागितली की धाप लागते त्याला. तुमच्यासारखी, सर. खांबावरून चांगली निघालेली वीज ह्याच्यातच दमून जायची. आठवडाभर तुमची झोप मी खाल्ली.’

मास्तरांनी चष्मा लावून जोड पाहिला आणि तोंडातल्या टाचण्या बशीत काढल्या. टेस्टर मात्र अजून अडला होता.

‘पण मंगळवारी हिटर लावला तेव्हा काटा का पडला नाही? हिटर पण जास्तच ओढतो.’

ओट्याशी भांडं वाजलं.

‘एकवर ठेवला होता,’ वहिनी म्हणाल्या.

‘काय?’

‘हिटर हो. रात्री तीनवर असतो. तुम्ही येता तेव्हा एकवर ठेवते.’

‘वहिनी! का?’

‘का काय? तुमचं डोकं त्या खोबणीत, हात त्या तारांत! आणि मी इकडे तीनवर ठेवून बसू? म्हटलं, थोडी वीज असली तर थोडीच चावेल.’

पहिल्यांदा मास्तर हसले. हसता हसता त्यांना खोकला लागला, खोकल्यातून पुन्हा हसू. ‘छत्तीस वर्षं,’ ते म्हणाले, ‘छत्तीस वर्षं मी समजत होतो की परीक्षेत कॉपी फक्त पोरं करतात!’

‘ती काय साप आहे, वहिनी,’ टेस्टर म्हणाला, ‘पिल्लू चावलं तर चालेल म्हणायला?’ आणि त्यालाही आवरेना. कोळ्याची जाळी गुडघ्यावर तशीच घेऊन तो हसत राहिला.

संध्याकाळच्या आत त्याने आपल्या सामानाच्या खोपटातून नवी, अखंड केबल आणून टाकली. खांबापासून बोटीपर्यंत एक, मध्ये काही नाही. मग हिटर तीनवर लावला, किटली लावली, सगळे दिवे लावले. काटा दोनशे दहाच्या खाली उतरला नाही. पेटी गप्प. दुपारचा चहा राहूनच गेला होता. वहिनींनी नव्याने केला. टेस्टरने कपाला पालथा हात लावला, मग धरला. दोन कप प्यायला. आलं घातलेला, थोडा जास्त गोड. सहा वर्षांपूर्वीच प्यायला हवा होता असा.

टेस्टर निघेपर्यंत मास्तरांनी आफ्रिका पुन्हा लावली नाही. ‘उद्या,’ म्हणाले. ‘लेक येऊन गेल्यावर.’

रविवारी लेक चार खोकी घेऊन आली. टेस्टरही आला होता, इस्त्रीचा शर्ट घालून, बायकोसह. निकालाच्या दिवशी यावं तसे दोघं एका कडेला बसले होते.

लेकीने आधी बापाचा चेहरा पाहिला. मग वही मागितली. कालच्या पानावर तारीख होती, डावीकडे दहापासून सहापर्यंत तास लिहिलेले, पुढे सगळं कोरं. तळाला मास्तरांच्या अक्षरात: ‘आठला उठलो. हिने उठवलं.’

‘तूही झोपलीस?’ तिने आईला विचारलं.

‘मेले होते म्हण.’

पण डॉक्टर माणसाला पेशंटच्या सांगण्यावर भागत नाही. तिने हिटर तीनवर फिरवला. किटली लावली. पर्समधून केस वाळवायचं यंत्र काढून तेही लावलं. बोटीत असा घोंघाट झाला की कप्तानाने खिडकीतून डोकं काढलं. पाचही जणं पलंगाखालच्या कोनाड्याकडे कान लावून बसली. पाणी उकळलं. किटली आपणहून थांबली. टक नाही.

तिने यंत्र बंद केलं, आणि टेबलावरचा जळका जोड उचलून खिडकीच्या उजेडात धरला.

‘वरून काही कळत नाही,’ टेस्टर म्हणाला.

‘कळणारच नाही. मी रोज हेच बघते. वरून दात पांढराशुभ्र, आत कीड. पेशंट म्हणतो दुखत नाही. गार पाणी लागू दे, मग बघा.’ तिने स्क्रू बोटाने फिरवून पाहिला. ‘कुणी केलेला?’

‘मी.’

‘आईने सांगितलं. मला तुमच्याकडून ऐकायचं होतं.’ जोड तिने हळूच खाली ठेवला. ‘मी भरलेला दात किडला तर मीसुद्धा पटकन सांगत नाही, काका. पेस्ट बदला म्हणते.’

टेस्टरची बायको फसकन हसली. मग सगळेच.

‘महिन्यातून एकदा तुम्ही हे सगळं तीनवर लावून बघायचं,’ लेक म्हणाली. ‘आईवर सोडायचं नाही. ती एकवर ठेवेल.’

‘दर महिन्याला,’ टेस्टर म्हणाला.

‘मग खोकी परत नेते.’

‘एक राहू दे,’ वहिनी म्हणाल्या. ‘ह्यांच्या जुन्या वह्या भरायच्यात. कधीच्या म्हणतेय.’

मास्तर टाचण्यांची बशी घेऊन उठले.

तेव्हापासून टेस्टरचा नियम बदलला आहे. कुठल्याही बोटीवर गेला की पिशवी खाली ठेवायच्या आधी म्हणतो, ‘आधी चहा टाका. मोठी किटली, काठोकाठ.’ किटली लागते, तो मीटरकडे बघतो. नव्या माणसांना वाटतं, म्हातारा चहाबाज आहे. जुन्यांना वाटतं, उतारवयात मऊ झाला. दोन्हींत थोडं तथ्य असावं, कारण काटा हलला नाही तरी चहा तो आता पूर्ण पितो. आणि जिथे काम करायचं तिथे आधी स्वतःचे जुने जोड उघडतो.

तो जळका जोड घरी घड्याळाशेजारच्या फळीवर ठेवलेला आहे. बायको रोज त्याच्यावरची धूळ पुसते. कुणी विचारलं तर सांगते, ‘बक्षीस मिळालंय ह्यांना.’

सकाळी ती मशीनवर बसण्याआधी दोन कप भरते. एक त्याच्या पुढे सरकवते. खिडकीबाहेर दोऱ्या डोलकाठ्यांवर वाजत असतात. तो अजूनही कपाला आधी पालथा हात लावतो, क्षणभर थांबतो.

‘चालू आहे,’ ती म्हणते. ‘धरा.’